एका तासाचा हिशेब

ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही पेपरातलं वाचून विचारलंत की अमेरिका आता बाहेर दिलेल्या कामावर पंचवीस टक्के कर लावणार म्हणे, मग तिकडची माणसं काम करत नाहीत म्हणूनच ना कंपन्या कामं आमच्याकडे पाठवतात? मी "नाही हो" म्हणेपर्यंत आईने शेवग्याच्या शेंगांचा भाव सांगायला घेतला आणि विषय राहिला तो राहिलाच. म्हणून लिहितेय. दादाला पाठवते, तो मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल.

कराचं म्हणाल, तर एका सिनेटरने सप्टेंबरात तसं विधेयक आणलंय. विधेयक आणलं म्हणजे कायदा झाला असं इथेही नसतं. पण तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे, आणि त्याच्यावर माझी चूल पेटते. मी बसते कारखान्याच्या कॉस्टिंगमध्ये, म्हणजे खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या खात्यात. कुठला भाग इथे करायचा, कुठला मेक्सिकोत, कुठला भारतातून मागवायचा, याचे तक्ते मांडायचे आणि वरच्यांना द्यायचे. निर्णय त्यांचा, आकडे माझे.

काम करत नाहीत हे आधी डोक्यातून काढून टाका. आमची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. जानेवारीत बाहेर गुडघाभर बर्फ, आणि साडेपाचला पार्किंग भरलेलं असतं. एकदा लाइन सुटली की मधली सुट्टी होईपर्यंत पाठ टेकायची सोय नाही. तुमच्या गिरणीच्या साचेखात्यातली माणसं इथे सहज रमली असती. आवाज कमी आहे एवढंच.

आता एका ऑपरेटरचा एक तास घ्या. तासाला बावीस डॉलर. तुम्ही लगेच अठ्ठ्याऐंशीने गुणाल, एकोणीसशेच्या वर रुपये येतील, आणि म्हणाल, एवढा पगार असेल तर मालक पळणारच. पण माझ्या तक्त्यात बावीस ही फक्त पहिली ओळ असते. तिच्याखाली सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा, यांतला मालकाचा वाटा, पगाराच्या ७.६५ टक्के, म्हणजे पावणेदोन डॉलरच्या आसपास. त्याखाली आरोग्य विमा. खात्यात नवीन कोणी आलं की मी त्यांना या ओळीपाशी थांबवते. नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा वर्षाचा हप्ता यंदा सरासरी २७ हजार डॉलरला टेकलाय. त्यातले पावणेसात-सात हजार कामगाराच्या पगारातून कापतात, बाकीचे २० हजार मालक भरतो. वर्षाचे कामाचे तास २०८० धरतात. भागून बघा, तासाला साडेनऊ डॉलर! रजा, अपघात विमा, बेकारी भत्त्याचा कर हे धरलं की बावीस डॉलरचा माणूस मालकाला पस्तिशीच्या पुढे पडतो. सगळेच काही कुटुंबाचा विमा घेत नाहीत, एकट्याचा बराच कमी असतो. पण तक्ता मांडताना भीती मोठ्या आकड्याचीच असते.

आणि यात एक मेख आहे, जी मला इथे येऊन बरीच वर्षं काम केल्यावर दिसली. हा हप्ता पगार बघून ठरत नाही. साठ डॉलरच्या इंजिनिअरलाही साधारण तेवढाच आणि बावीसच्या ऑपरेटरलाही तेवढाच. इंजिनिअरच्या पगारावर तो सोळा टक्के बोजा होतो, ऑपरेटरच्या पगारावर चव्वेचाळीस टक्के. त्यामुळे काटकसर करायची ठरली की कुऱ्हाड खालून पडते. आमच्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या बाई पूर्वी कंपनीच्या पटावर होत्या. आता त्याच बाई त्याच वेळेला तीच बादली घेऊन येतात, पण शर्टावर नाव कंत्राटदाराचं. त्यांचं काम समुद्रापार गेलं नाही, जिन्याखालीच राहिलं, फक्त माझ्या तक्त्यातून त्यांची विम्याची ओळ गेली. बाहेर काम देणं म्हणजे दर वेळी परदेश असं नाही बाबा.

हे इस्पितळ मालकाच्या गळ्यात बांधलं कोणी? कोणीच ठरवून नाही. १९४२ साली, महायुद्धात, महागाई आवरायची म्हणून सरकारने पगार गोठवले. माणसं सगळी लढाईवर, कारखान्यांना हात मिळेनात आणि पगार वाढवायला बंदी. विम्यासारख्या सवलतींना मात्र त्या बंदीतून वाट ठेवली होती. मालकांनी ती वाट पकडली, ये आमच्याकडे, दवाखान्याचा खर्च आमचा. १९५४ च्या कायद्याने त्या पैशावर कर नाही हे पक्कं केलं, आणि लढाईपुरती काढलेली तोड कायमची होऊन बसली. जनरल मोटर्ससारखी कंपनी २००५ च्या सुमाराला एकेका गाडीमागे दीड हजार डॉलर कामगारांच्या आणि निवृत्तांच्या औषधपाण्यावर घालत होती. गाडीतल्या पोलादापेक्षा जास्त, असं कंपनीच सांगायची. डेट्रॉइटच्या नदीकाठी उभं राहिलं की पलीकडे कॅनडातलं विंडसर दिसतं. तिथेही गाड्या बनतात, तिथेही युनियन आहे, पगारही बरे आहेत. पण त्यांच्या इस्पितळाचा मोठा खर्च सरकार करातून भागवतं.

तुम्हाला हे समजायला अमेरिका लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणूस गिरण्यांबाहेर पडला, आणि संप चालू असतानाच गिरण्यांचा माल भिवंडीच्या मागांवर विणून त्यावर गिरणीचा शिक्का बसत होता, हे तुम्हीच सांगायचात. मग पोट भरायला तुम्हीही भिवंडीलाच गेलात. हात तेच, सूत तेच. बदललं काय, तर मीटरवर पैसे आणि बारा तासांची पाळी, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, विम्याचं कार्ड नाही. दादा झाला परळच्या कामगार विम्याच्या महात्मा गांधी रुग्णालयात, तेव्हा तुम्ही एक पैसा भरला नव्हता. माझ्या वेळेला आईला आपल्या पाटल्या मोडाव्या लागल्या. भिवंडीचं कापड स्वस्त पडायचं, त्यात आईच्या पाटल्या होत्या, असं मी आज कॉस्टिंगवाली म्हणून लिहून देईन.

अर्थात पगारातला फरक खोटा आहे असं नाही. इथून पाऊणएक तासावर ग्रीनव्हिल नावाचं गाव आहे, वस्ती आठ-एक हजार. तिथे इलेक्ट्रोलक्सचा फ्रिजचा कारखाना होता, सुमारे २७०० माणसं. २००४ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केलं की आम्ही मेक्सिकोत हुआरेसला चाललो. तेव्हाच्या राज्यपाल जेनिफर ग्रॅनहोम यांनी तो प्रसंग पुढे जाहीर सांगितलाय. गावाने, राज्याने, युनियनने मिळून यादी केली. वीस वर्षं कर माफ, नवा कारखाना बांधून देतो, कामगार पगारात कात्री लावून घेतील. कंपनीची माणसं यादी घेऊन बाहेर गेली आणि सतरा मिनिटांत परत आली. एवढं देणारं गाव आम्ही पाहिलं नाही म्हणाले, पण हुआरेसला तासाला एक डॉलर सत्तावन्न सेंटमध्ये माणूस मिळतो, त्याची भरपाई तुम्ही कशानेच करू शकणार नाही. २००६ मध्ये कारखाना बंद झाला. मग सोलर पॅनेलचा कारखाना आला, लोक सावरायला लागले, २०१२ मध्ये तोही बुडाला.

चीनला न जाता मेक्सिकोला का गेले, असं तुम्ही विचाराल. फ्रिजच्या आत हवा असते. जहाजावर हवा वाहून नेण्याचं भाडं कोण भरणार? हुआरेस टेक्सासच्या अगदी सीमेवर, संध्याकाळी भरलेला ट्रक रात्रीत अमेरिकेत. टीशर्ट, खेळणी, मोबाइल यांत हवा नसते, ते चीनला गेले. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि मग जे झालं ते इथे अजून निवडणुकांत निघतं. २००० साली इथे कारखान्यांत एक कोटी बहात्तर लाखांवर माणसं होती, २०१० च्या सुरुवातीला एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास उरली. सगळी चीनने खाल्ली नाहीत. यंत्रांनी खाल्ली, मंदीने खाल्ली. पण भाषणात यंत्राचं नाव घेऊन टाळ्या मिळत नाहीत.

माझ्या ऑफिसात लोक म्हणतात, मजूर महाग म्हणून काम गेलं, विषय संपला. मी त्यांना जर्मनी दाखवते. २०१२ साली इथल्याच श्रम खात्याने कारखान्यातल्या एका तासाचा पूर्ण खर्च देशोदेशी मोजला होता, विमा-बिमा सगळं धरून. अमेरिका साडेपस्तीस डॉलरच्या वर, मेक्सिको सव्वासहाच्या वर, आणि जर्मनी पावणेसेहेचाळीस! जर्मन कामगार अमेरिकनापेक्षा दहा डॉलरने महाग, तरी मोटारी आणि यंत्रं विकून बसलेत जगाला. त्यांनीही पोलंड-चेकला कामं दिलीच. पण तिथे दोन हजारांहून जास्त माणसांच्या कंपनीत देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या असतात, १९७६ च्या कायद्याने. शिवाय शाळेनंतर मुलं कारखान्यातच शिकतात, त्यामुळे महागडा माणूस महागडं काम करतो. अशा मंडळात सतरा मिनिटांत निकाल लागत नाही. इथे मंडळावर बसतात भागधारकांची माणसं आणि त्यांचं लक्ष पुढच्या तिमाहीवर.

त्या घाईमुळे तक्तेही अर्धवट मांडले जातात. पगाराचा आकडा पहिल्या ओळीत, ठळक. मालाचे महिनाभर पाण्यावर अडकलेले पैसे, खराब निघालेली खेप, उशीर झाला म्हणून विमानाने आणलेले भाग, हे दुसऱ्या कोणाच्या तरी बजेटात. २०२१ मध्ये चीनहून पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या कंटेनरचं भाडं दोन-तीन हजारांवरून वीस हजार डॉलरवर गेलं, तेव्हा आमच्या साहेबांना या ओळींची आठवण झाली. मी त्या आता आपल्या मनाने घालते. कधी कधी त्यांच्यामुळे एखादा भाग इथेच राहतो. कधी कधी साहेब म्हणतात, ही ओळ काढ. आयात कराने काम परत येईल म्हणतात, त्याचंही तसंच. २०१८ ला चिनी मालावर कर बसला, काम चीनमधून उठलं आणि बरंचसं व्हिएतनाम-मेक्सिकोत जाऊन बसलं. २०२३ पासून अमेरिकेला सर्वांत जास्त माल मेक्सिकोतून येतो. ग्रीनव्हिलला काही आलेलं मी पाहिलं नाही.

आई, तू मध्येच हळूच विचारलंस, दादाची नोकरी म्हणजे इथल्या कोणाची तरी गेलेलीच का गं? काही बाबतीत हो. तो पुण्यात रात्री नऊला कॉलवर बसतो ते काम पूर्वी इथे कोणीतरी दिवसा करायचं. तिथे बसून ते करता येतं याला समुद्राखालच्या केबली कारणीभूत, वाय-टू-केच्या वेळी, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायच्या कामात, आपल्या पोरांनी कमावलेलं नाव कारणीभूत, आणि जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये गुडगावला ऑफिस थाटून इतरांना दाखवलेली वाट. तो हुशार आहे हे आहेच. पण त्याच्याइतके हुशार इथेही आहेत, आणि ते तासाला त्याच्या पंधरा-वीस पट महाग पडतात असंही नाही. दादाच्या दर्जाचा माणूस आता पुण्यातही स्वस्त राहिलेला नाही, हे तोच सांगेल. आता तर नव्या एच-वन-बी अर्जावर, म्हणजे बाहेरचा शिकलेला माणूस इथे कामाला आणायच्या व्हिसावर, सप्टेंबरपासून एक लाख डॉलर शुल्क लावलंय. माणूस आणता येत नसेल तर कंपनी काम तिकडे नेणार, हा हिशेब मांडायला माझी गरज नाही. तेव्हा त्याने वाईट वाटून घेऊ नये, आणि फार मिरवूही नये. उद्या कोणीतरी पुण्याच्या तासाचा तक्ता मांडेल आणि शेजारी दुसऱ्याच गावाचा आकडा लिहील.

माझं विचाराल, तर आमच्या खात्यातले निम्मे तक्ते आताच पुण्याहून भरून येतात. तपासायचं काम माझ्याकडे आहे. तूर्त घाबरण्यासारखं काही नाही, आणि माझा विमा यांच्या कंपनीतून आहे, त्यामुळे माझी नोकरी गेली तरी दवाखाना जात नाही. यांची गेली तर बघू.

बाबा, आता तुमच्या दवाखान्याचं. मेडिक्लेमचा हप्ता वयामुळे वाढलाय म्हणून पॉलिसी सोडून द्यायचं तुमच्या मनात आहे, असं दादा म्हणाला. सोडू नका. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढलाय, तेव्हा नूतनीकरणाच्या पावतीत तो लावलेला नाही ना, एवढं दादाला नीट बघायला सांगा. मुदत संपायच्या आत भरा. पैसे मी दहा तारखेला टाकते. आणि आई, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जाऊन ये. रिक्षाने जा, चालत नको.

कळावे,
तुमची
बेबी