पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे अहवाल खुले करा

मा. डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार यांस

महोदय,

१८ मे २०२५ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचे सी६१ हे उड्डाण तिसऱ्या टप्प्यात फसले आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गेला. मोटर केसमधला (मोटरच्या बाहेरच्या कवचातला) दाब घटल्याचे इस्रोच्या अध्यक्षांनी तेव्हाच सांगितले. चौकशी समिती बसली, पण तिचा अहवाल लोकांपुढे आला नाही. तो बंद पाकिटात असतानाच १२ जानेवारी २०२६ ला सी६२ उडाले आणि तेही तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस मार्ग सोडून गेले. ईओएस-एन१ आणि इतरांची उपकरणे त्यात गेली. १९९३ सालच्या पहिल्या अपयशी उड्डाणानंतर ज्या रॉकेटने इतकी वर्षे नाव राखले, त्याच्या एकाच टप्प्याने लागोपाठ दोनदा दगा दिला आहे. या दोन्ही चौकशांचे तांत्रिक सारांश प्रसिद्ध करावेत, ही आमची मागणी.

‘दाब घटला’ हे कारण नव्हे. ताप आला म्हणणे आणि रोग ओळखणे यांत जेवढे अंतर, तेवढेच इथे आहे. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा म्हणजे एचटीपीबी या रबरासारख्या पदार्थात बांधलेले सुमारे ७.६ टन घनइंधन, केवलार धाग्यांचे केसिंग आणि लवचिक बेअरिंगवर दोन अंशांपर्यंत वळणारे नॉझल, म्हणजे जळालेला वायू बाहेर फेकणारे तोंड. अशी मोटर पेटली की आवरता येत नाही, पुन्हा पेटवता येत नाही. आतला दाब मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : जळणाऱ्या इंधनाचे पृष्ठफळ आणि नॉझलच्या थ्रोटचे, म्हणजे सर्वांत अरुंद गळ्याचे, क्षेत्रफळ. थ्रोटचे अस्तर ठरल्यापेक्षा जास्त झिजले तर दाब हळूहळू, पण सतत उतरत जातो. इंधनाच्या ज्वलनाचा दाब-घातांक (दाबाप्रमाणे जळण्याचा वेग किती बदलतो, तो आकडा) ०.३५ धरला, तर थ्रोटचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढताच दाब साधारण १४ टक्क्यांनी पडतो, जोर मात्र पाचेक टक्केच घटतो. म्हणजे रॉकेट काही काळ ठीक चालल्यासारखे वाटते आणि वेगातली तूट साठत जाते. केसिंग किंवा नॉझलचा जोड फुटून वायू बाजूने निसटू लागला, तर चित्र वेगळे : दाब एकदम खचतो, आडवा जोर लागतो आणि तो सावरायला नॉझल फिरवणारे अ‍ॅक्च्युएटर ताणले जातात. इंधनाला तडा गेला किंवा ते अस्तरापासून सुटले, तर उलट आधी दाब चढतो, कारण जळायला जास्त पृष्ठफळ मिळते. त्या वाढीव दाबाने किंवा उघड्या पडलेल्या भिंतीच्या भाजण्याने केस फुटला की मग घसरण. टेलिमेट्रीच्या, म्हणजे उड्डाणातून येणाऱ्या मोजमापांच्या, आलेखात या तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसतात. समितीला त्या दिसल्याच असणार.

सी६२ च्या वेळी रोल दरात, म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवती फिरण्याच्या वेगात, बिघाड दिसल्याचे सांगितले गेले. हा तपशील बोलका आहे. एकच नॉझल मागेपुढे, डावीउजवीकडे वळवून रॉकेटची दिशा बदलता येते; त्याचे गरगरणे थांबवता येत नाही. म्हणून तिसरा टप्पा जळत असताना रोल आवरण्याचे काम चौथ्या टप्प्यातले छोटे थ्रस्टर करतात. कुठून तरी तिरपा वायू निसटला, तर त्यामुळे बसणारा पीळ या थ्रस्टरच्या ताकदीबाहेर जायला वेळ लागत नाही. तसेच घडले असा आमचा दावा नाही. पण सी६१ मधली दाबाची घट आणि सी६२ मधले गरगरणे यांचे मूळ एकच आहे का, हा प्रश्न कोणताही अभियंता आधी विचारील.

युरोपच्या व्हेगा-सी रॉकेटचे उदाहरण इथे अगदी जवळचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या झेफिरो-४० या घनइंधन टप्प्यात उड्डाणानंतर १५१ सेकंदांनी दाब उतरू लागला आणि दोन प्लेयाड निओ उपग्रह गेले. ३ मार्च २०२३ ला युरोपीय अंतराळ संस्थेने निष्कर्ष जाहीर केले : थ्रोटमधला कार्बन-कार्बन या संमिश्र साहित्याचा भाग अपेक्षेबाहेर झिजला, आणि तो स्वीकारताना लावलेले निकषच अपुरे होते. त्याच वर्षी जूनमध्ये सुधारित नॉझलची सार्डिनियात जमिनीवर चाचणी झाली, तीही फसली, आणि तेही सांगितले गेले. नॉझल पुन्हा नव्याने आखावे लागले. रॉकेट उडाले ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये. दोन वर्षे. आपण आठ महिन्यांत उडालो. त्या आठ महिन्यांत तिसऱ्या टप्प्याची मोटर जमिनीवर किती वेळा पेटवून पाहिली, हे आपण संसदेत सांगू शकाल का?

अपयशाची कारणे जाहीर करणे इस्रोला नवे नाही, हेच जास्त खटकते. १२ ऑगस्ट २०२१ ला फसलेल्या जीएसएलव्ही-एफ१० या रॉकेटबाबत इस्रोने स्वतः जाहीर केले होते की द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीचा व्हेंट व्हॉल्व (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) गळला, टाकीतला दाब कमी राहिला, त्यामुळे आतला, इंजिनाकडे इंधन ढकलणारा बूस्टर टर्बोपंप नीट चालला नाही; आणि व्हॉल्वच्या मऊ सीलला इजा झाली असावी. २०२२ मध्ये फसलेल्या एसएसएलव्ही-डी१ या छोट्या रॉकेटबद्दल तर सेकंदांच्या हिशेबात सांगितले गेले : दुसरा टप्पा सुटताना उपकरणांच्या कप्प्याला हादरा बसला, अ‍ॅक्सेलेरोमीटर (वेगातले बदल मोजणारे) क्षणभर मर्यादेबाहेर गेले, दोष ओळखणाऱ्या संगणकी तर्काने ते निकामी ठरवले, आणि उपग्रह सुमारे ५६ मीटर प्रति सेकंद वेग कमी पडून चुकीच्या कक्षेत गेले. टप्पा सोडवण्याची यंत्रणा आणि तो तर्क दोन्ही बदलले. १० फेब्रुवारी २०२३ ला त्याचे पुढचे उड्डाण डी२ यशस्वी झाले. त्या पारदर्शकतेने इस्रोची किंमत कमी झाली नाही. मग आता पडदा कशासाठी?

गुप्ततेचे कारण पुढे येईल. घनइंधन तंत्रज्ञान क्षेपणास्त्रांच्या जवळचे आहे, हे आम्हांलाही ठाऊक आहे. इंधनाचे प्रमाण, दाण्यांचा आकार, केवलार गुंडाळण्याची पद्धत, पुरवठादारांची नावे झाकून ठेवा. पण बिघाड कितव्या सेकंदाला सुरू झाला, कोणत्या भागात, दोष आराखड्यात होता, साहित्यात की तपासणीत, आणि तो आधी का पकडला गेला नाही, एवढे सांगितल्याने कोणाचे क्षेपणास्त्र बनत नाही.

ही माहिती हवी असणारे लोक खात्याबाहेर आहेत. पाच पीएसएलव्ही बांधण्याचे कंत्राट २०२२ मध्ये एचएएल आणि एल अँड टी यांच्या गटाला दिले गेले. विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी इंजिने बनवते. त्यांच्या खाली असंख्य छोटे कारखाने एकेक भाग तासून देतात. एक्स-रे आणि अल्ट्रासोनिक तपासणीत नेमके काय शोधायचे, हे त्या शेवटच्या माणसापर्यंत पोचले पाहिजे. पुण्याच्या सीओईपीचा स्वयम् आणि आयआयटी मुंबईचा प्रथम हे विद्यार्थ्यांचे उपग्रह २०१६ मध्ये याच रॉकेटने वर नेले. आज स्टार्टअपची मुलेही विम्याचा हप्ता भरून त्याच रांगेत उभी आहेत, आणि कारण कळले नसेल तर विमा कंपनी जोखीम अंदाजानेच मोजणार.

विमान अपघातात हे सरकार नियमाने वागते. अहमदाबादचा अपघात १२ जून २०२५ ला झाला. प्राथमिक अहवाल महिन्याभरात सर्वांनी वाचला. रॉकेटसाठी असा नियम नाही, कारण अंतराळ कायदाच झालेला नाही. २०१७ चा मसुदा मसुदाच राहिला. तो येईपर्यंत एका साध्या शासकीय आदेशाने भागेल : प्रत्येक अपयशानंतर ९० दिवसांत तांत्रिक सारांश, आणि समितीचे अध्यक्षपद त्या टप्प्याशी संबंध नसलेल्या, खात्याबाहेरच्या तज्ज्ञाकडे. सुरुवात सी६१ आणि सी६२ पासून व्हावी, आणि दोन्हींचे सारांश प्रसिद्ध होईपर्यंत हा तिसरा टप्पा बसवलेले पुढचे रॉकेट श्रीहरिकोटाच्या तळावर उभे करू नये.

आपले,
घनइंधन मोटर आणि उड्डाण-नियंत्रण या क्षेत्रांतले काही मराठी अभियंते