अलास्काच्या जहाजप्रवासाविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. काकूंना आणि वहिनींना घेऊन पुढच्या उन्हाळ्यात अलास्काची क्रूझ करायचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेली माहितीपत्रकेही मी बारकाईने वाचली. पोहण्याचे तलाव, नाट्यगृहे आणि उपाहारगृहे यांच्या वर्णनाने त्यांची पानेच्या पाने भरली आहेत. जहाज कुठून सुटते, कोणत्या वाटेने जाते आणि कोणत्या बंदरात किती तास थांबते, हे मात्र शेवटी बारीक अक्षरांत दिले आहे. माझा पहिला आग्रह असा, की तो बारीक अक्षरांतला मजकूर आधी वाच. तलाव आणि नाट्यगृहे कुठल्याही मोठ्या जहाजावर असतात. आपण इतका पैसा आणि इतकी दगदग सोसून अलास्काला जातो ते तिथला समुद्र आणि बर्फ पाहण्यासाठी. तेव्हा आधी मार्ग ठरव आणि मग त्या मार्गावरचे जहाज निवड.

तू पसंत केलेले जहाज अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून सुटते. तिथून निघणारी बहुतेक जहाजे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिक महासागरातून उत्तरेकडे जातात आणि त्या पट्ट्यात जहाज चांगलेच हलते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून सुटणारी जहाजे हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून, इनसाइड पॅसेज नावाच्या आतल्या मार्गाने जातात. तिथे दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांची जंगले उतरत आलेली असतात आणि पाणी बहुतेक वेळ शांत असते. फक्त क्वीन शार्लट साउंड ओलांडताना काही तास महासागराच्या लाटा लागतात. काकूंना एस.टी.च्या घाटातसुद्धा गाडी लागते हे मला ठाऊक आहे, म्हणून तू व्हँकुव्हरहूनच जावेस असे मला ठामपणे वाटते. केबिन घेताना जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची घे, कारण हेलकावे तिथे सर्वांत कमी जाणवतात. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या काकूंच्या रक्तदाबाच्या औषधांबरोबर चालतात की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेव.

व्हिसाच्या बाबतीत पुष्कळ लोकांची गफलत होते. अलास्का अमेरिकेत आहे, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा पुरेल असे त्यांना वाटते. परंतु १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजाला केवळ अमेरिकेच्याच बंदरांमधून प्रवासी फिरवून आणता येत नाहीत. वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली असल्यामुळे सिअ‍ॅटलहून निघालेले जहाजही कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदरात थांबते. म्हणजे कुठूनही निघालास तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात, आणि ते अनेक वेळा प्रवेश देणारे असलेले बरे. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून आधी तो अर्ज कर आणि क्रूझचे पैसे भरताना रद्द केल्यास किती परत मिळतात ते वाचून घे. व्हँकुव्हरला जहाजात चढण्यापूर्वी बंदरावरच अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी होते आणि तिथल्या रांगेत बराच वेळ उभे राहावे लागते. काकूंसाठी व्हीलचेअरची मागणी बुकिंगच्या वेळीच नोंदवून ठेव.

विमान जहाज सुटण्याच्या दिवशी पोहोचणारे घेऊ नकोस. आपल्या आणि व्हँकुव्हरच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, विमानांना उशीर होतो, आणि जहाज कोणासाठीही थांबत नाही. किमान दोन दिवस आधी पोहोच. माझा मुलगा तिथेच राहतो, त्याच्या घरी तुमची सगळी सोय होईल आणि काकूंची झोपही रुळावर येईल.

बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत यायला त्यांना संध्याकाळ होते. त्यामुळे पासपोर्ट, विम्याचे कागद, संपूर्ण प्रवासाची औषधे, त्यांची चिठ्ठी आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत ठेव. इस्त्री, विजेची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चालत नाहीत. आगीच्या भीतीने ते काढून घेतले जातात. गरम पाणी जेवणाच्या हॉलमध्ये सहज मिळते. बंद पाकिटातला कोरडा खाऊ बरोबर असू दे आणि विमानतळावर तो जाहीर कर, पण जहाजावरचे फळ किंवा सँडविच घेऊन बंदरावर उतरू नकोस.

शाकाहारी जेवणाची काळजी करू नकोस. बुकिंगच्या वेळी तशी नोंद कर आणि पहिल्याच रात्री जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य वाढप्याला भेटून काकू कांदा-लसूण खात नाहीत हे सांग. आम्ही ही सफर केली तेव्हा आमच्या टेबलावर दुसऱ्या दिवसापासून डाळ, भात आणि कोरडी भाजी येऊ लागली. ती करणारा स्वयंपाकी सासष्टीचा होता. गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर जातात हे आपण ऐकून असतो, पण त्याच्याशी कोकणी-मराठीत बोलताना त्याचा अर्थ मला नीट कळला. करार कित्येक महिन्यांचा, तेवढ्या काळात आठवड्याची सुट्टी नाही, आणि धाकट्या मुलीचा पहिला वाढदिवस त्याने फोनवर पाहिलेला. हे तुला मुद्दाम लिहितो, कारण माणशी रोजचे सोळा ते वीस डॉलर बक्षिसीचे म्हणून बिलात धरलेले असतात आणि आपल्यातले काही प्रवासी काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला सांगतात. नियमाने तसे करता येते, पण तू कृपा करून तसे करू नकोस. त्या पैशांवर या माणसांची घरे चालतात. तो खर्च सुरुवातीलाच प्रवासाच्या हिशेबात धर.

इंटरनेट, बहुतेक पेये आणि बंदरांवरच्या सहली यांचेही पैसे वेगळे द्यावे लागतात. किनारा मागे पडला की फोन आपोआप जहाजाच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे बिल भयंकर येते, म्हणून तिघांचेही फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

आता विम्याविषयी. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तिथले उपचार फुकट नसतात. आमच्या सहप्रवाशांत नागपूरचे एक वयस्कर गृहस्थ होते. ते जिन्यावर घसरून पडले आणि मनगटाचा एक्स-रे आणि प्लास्टर यांचे बिल त्यांच्या कार्डावर लगेच लावले गेले. विमा असल्यामुळे ते पैसे पुढे परत मिळाले. दुखणे मोठे असेल तर रुग्णाला बंदरावर उतरवून विमानाने मोठ्या शहरात न्यावे लागते. जूनो ही अलास्काची राजधानी असूनही बाहेरून तिथे जाणारा रस्ताच नाही, फक्त बोट किंवा विमान, हे लक्षात घेतलेस तर असा खर्च किती होईल याची कल्पना येईल. काकूंचा मधुमेह आणि रक्तदाब स्पष्ट लिहून, रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारीच पॉलिसी घे. या एका ठिकाणी काटकसर अजिबात नको.

मार्ग निवडताना ज्या एका नावासाठी हट्ट धरायचा, ते नाव ग्लेशियर बे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे सगळ्या जहाजांच्या मार्गात ते नसते; काही जहाजे दुसरी एखादी हिमनदी दाखवून परत फिरतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्द्याच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा हा उपसागर जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेला होता. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्युअर आला तेव्हा बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे सरकला होता, आणि आज जहाज सुमारे पासष्ट मैल आत जाते. म्हणजे ज्या पाण्यावरून आपण जातो, तिथे आपल्याकडे उत्तर पेशवाई असताना उंच बर्फ उभा होता. सकाळी उद्यानाचे रेंजर एका छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. पुढे सरकणाऱ्या बर्फामुळे ज्यांना अठराव्या शतकात आपली गावे सोडावी लागली, त्या हूना ट्लिंगिट लोकांची ही मूळ भूमी आहे, आणि २०१६ मध्ये बार्टलेट कोव्ह इथे त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. हे ऐकत प्रवास करताना समोरच्या दृश्याला माणसांचा इतिहास जोडला जातो, म्हणून त्या दिवशी सकाळपासून वरच्या डेकवरच राहा.

उपसागराच्या टोकाशी मार्जरी हिमनदी आहे. तिची भिंत पाण्याच्या वर सुमारे अडीचशे फूट उंच आणि जवळजवळ मैलभर रुंद आहे. दाबाने घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, म्हणून तिच्या भेगांमधून गडद निळा रंग दिसतो. जहाज इंजिन मंद करून समोर थांबते तेव्हा पाण्यावरचे बर्फाचे तुकडे तडतडत असतात. आत अडकलेली जुनी हवा सुटताना तो आवाज होतो. मग भिंतीचा एखादा भाग सुटतो. आधी तो निःशब्द खाली येताना दिसतो, पाणी उसळते, आणि त्यानंतर क्षणाने गडगडाट ऐकू येतो, कारण आपण दिसते त्याहून पुष्कळ दूर असतो. आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त उडालेले पाणी दिसते; म्हणून भिंतीचा एकच भाग निवडून त्याच्यावर नजर ठेव. जहाज तिथे सावकाश फिरते आणि दोन्ही बाजूंना पाळी मिळते, तेव्हा कठड्याशी जागा धरायला धावपळ करायचे कारण नाही. काकूंना काचेमागच्या उबदार हॉलमध्ये खुर्चीत बसवलेस तरी त्यांना सगळे दिसेल. दुर्बीण मात्र प्रत्येकाची वेगळी हवी.

बंदरांपैकी केचिकनमध्ये ट्लिंगिट आणि हायडा लोकांचे कोरीव टोटेम खांब पाहा. रत्नागिरीहून अधिक पाऊस तिथे पडतो आणि तो वर्षभर येत राहतो, त्यामुळे छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घ्या. जूनोला देवमासे पाहण्याची बोटसहल अवश्य करा. हिवाळा हवाईजवळच्या उबदार पाण्यात काढून हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात इथे खायला येतात. मेंडेनहॉल हिमनदीच्या समोरून नगेट धबधब्याकडे जाणारी वाट सपाट आहे. काकूंना थोडी चालता येईल.

स्कॅगवेला व्हाइट पास या खिंडीतली रेल्वे चुकवू नकोस. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोने सापडले आणि हजारो माणसे या खिंडीवर तुटून पडली. कॅनडाच्या पोलिसांनी प्रत्येकाला वर्षभराची शिधासामग्री, म्हणजे जवळजवळ टनभर ओझे, आणायची सक्ती केली होती. ती वाहताना या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले असे सांगतात. १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही तीन फुटी रुळांची गाडी आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद आहे आणि वीस मैलांत जवळजवळ २९०० फूट चढते. ती बंदराला लागूनच मिळते, त्यामुळे काकूंना फार चालावे लागत नाही, आणि माथ्यावर प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, म्हणून दरीचे दृश्य सर्वांना मिळते. ही सहल जहाजामार्फत घेतलीस तर गाडीला उशीर झाला तरी जहाज तुमच्यासाठी थांबते. स्वतः बाहेरून घेतलीस तर थोडी स्वस्त पडेल, पण परत येण्याची जबाबदारी तुझी. अलास्काचे घड्याळ व्हँकुव्हरच्या एक तास मागे असते आणि जहाज स्वतःची वेळ पाळते, म्हणून उतरताना दारावर लिहिलेली परतीची वेळ प्रत्येकाने हातावरच्या घड्याळाशी ताडून घ्यावी.

महिन्याविषयी विचारलेस, तर मे अखेर ते जून मध्य हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. पाऊस तुलनेने कमी, डोंगरांवर बर्फ शिल्लक, शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी अजून सुरू झालेली नसते, आणि जूनोला रात्री दहापर्यंत उजेड असतो. थंडी फार नसली तरी डेकवरचा वारा बोचतो. एका जाड कोटाऐवजी एकावर एक घालायचे पातळ गरम कपडे घ्या.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की मला लगेच कळव, म्हणजे मार्ग आणि केबिनचे क्रमांक आपण दोघे मिळून पाहू. जहाजाचा नकाशा माझ्याकडे आहे. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र