अंगणवाडीताईंची भाऊबीज

मा. संपादक,

कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जेवायला गेला आणि तिला ओवाळणी देऊन संतुष्ट करून परतला, अशी भाऊबीजेची कथा आहे. राज्य शासनही दिवाळीत अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना दोन हजार रुपयांची ‘भाऊबीज भेट’ देते. गेली काही वर्षे महागाई वाढत असताना ही रक्कम मात्र तेवढीच आहे. तरीही ओवाळणीचा आकडा मोजू नये हे मला मान्य आहे आणि माझी तक्रार त्या आकड्याबद्दल नाहीच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून सहा वर्षांखालील मुलांची वजने घेणे, त्यांना खाऊ घालणे, गरोदर व स्तनदा मातांची काळजी घेणे ही कामे या बायका करीत आल्या आहेत. त्यात आता मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी भरण्याचीही भर पडली आहे. एवढे करूनही त्या शासनाच्या लेखी मानसेवीच, म्हणून वेतनश्रेणी नाही आणि कर्मचाऱ्यांसारखे निवृत्तिवेतनही नाही. गुजरातमधील एका प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला, तोही मागण्यासाठी त्यांना रस्त्यावर यावे लागू नये.

आम्हा नागपूरकरांना हे विशेष जाणवते, कारण भाऊबीजेनंतर महिना-दीड महिन्यातच येथे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि मागण्यांचे फलक घेऊन आलेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळच्या कठड्यांपाशी अडवले जातात. रीत अशी की भावाने बहिणीच्या दारी जावे. येथे बहीण राज्याच्या कानाकोपऱ्यातून, रात्रभराचा प्रवास करून, भावाच्या दारी येते आणि बाहेरच थांबते. (४ डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेला त्यांचा संप तर पन्नासहून अधिक दिवस चालला होता.)

यंदाची भेट दिवाळीपूर्वी खात्यात जमा व्हावी. त्याचबरोबर ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतनाबाबत शासनाचा निर्णय काय आणि तो कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे महिला व बालविकास विभागाच्या मंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहात स्पष्टपणे सांगावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर