आवाजाच्या बटणाला हात न लावायला शिकवणाऱ्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला फोनवर पाठवता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही ठाण्याला परत गेल्यापासून टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी मला विचारत असतं, की तू ते जपानी बँडचं बिनगाण्याचं संगीत ऐकतोस, ते ऐकायचं तरी कसं? अर्धा वेळ काही ऐकू येत नाही आणि उरलेला अर्धा वेळ कान किटतात. मी उत्तर द्यायला लागलो की तोंडून तुमचीच वाक्यं बाहेर पडतात. ती तुमची आहेत हे विचारणाऱ्यांना कळायला हवं. शिवाय समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषय बदलून पोह्यांची बशी पुढे करता, म्हणूनही हा मार्ग.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'मोनो' हा टोकियोचा चौघांचा बँड, १९९९ पासूनचा. ताकाआकिरा गोतो आणि हिदेकी सुएमात्सु (त्याला सगळे योडा म्हणतात) हे दोघे गिटारवर, तामाकी कुनिशी बेस गिटारवर आणि मध्येच पियानोवर किंवा ग्लॉकेनस्पीलवर (धातूच्या पट्ट्यांवर छोट्या हातोड्यांनी वाजवायचं वाद्य), आणि २०१७ पर्यंत ड्रमवर यासुनोरी ताकादा. पहिला अल्बम २००१ साली न्यूयॉर्कचे संगीतकार जॉन झॉर्न यांच्या 'त्झाडिक' लेबलवर आला. गाणारं कुणी नाही. तामाकीचा गाता आवाज अल्बमवर यायला २०१९ साल उजाडलं. एकेक रचना दहा-बारा मिनिटांची, काही पंधराच्याही पुढे जाणाऱ्या. सुरुवातीला चार-दोन सुटे स्वर असतात, आणि पुढे कधीतरी छतच अंगावर यावं असा आवाज. याला पोस्ट-रॉक म्हणतात. हे एवढं कुणालाही वाचून कळेल. तुम्ही दिलंत ते यापलीकडचं.

तुमच्या हॉलमध्ये त्या शनिवारी दुपारी तुम्ही मोनोच्या 'हिम टू द इम्मॉर्टल विंड' या अल्बमची पहिली तबकडी ठेवलीत आणि सुई सुरुवातीला न ठेवता 'अ‍ॅशेस इन द स्नो' या पहिल्या रचनेच्या अगदी शेवटाकडे, जिथे सगळं एकदम कोसळतं, तिथे टेकवलीत. तिथे आवाज हळूहळू वाढवत नेऊन विचारलंत, "एवढा सोसवतो ना? छातीत जाणवतो, पण कानाला टोचत नाही?" मी हो म्हणालो. मग सुई उचलून सुरुवातीला ठेवलीत, एसी बंद केलात आणि म्हणालात, "आता शेवटपर्यंत आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही."

सुरुवातीचं ग्लॉकेनस्पील इतकं बारीक वाजत होतं की आतल्या खोलीतल्या फ्रिजची घरघर त्यात मिसळत होती. आपोआप पुढे सरकून बसावं लागलं. पुढच्या अकरा-बारा मिनिटांत काय झालं ते शब्दांत नीट मांडता येत नाही, आणि ते बरंच आहे. पण त्या एका सूचनेतलं शहाणपण मला आज कळतं. बहुतेक जण हळू भाग ऐकू यावा म्हणून आवाज वाढवतात आणि मोठा भाग आला की घाबरून कमी करतात. म्हणजे चौघांनी दहा मिनिटं खपून बांधलेला चढ आपणच आपल्या बोटांनी सपाट करतो. फोनमधलं आवाज एकसारखा करणारं सेटिंग आणि टीव्हीतला नाइट मोडही तेच करतात, फक्त आपल्याला न विचारता. म्हणून मी लोकांना पहिलं सांगतो ते हे, की सेटिंगमध्ये जाऊन ते आधी बंद करा, आणि मेट्रोच्या तोझाई लाइनच्या बोगद्यात हे संगीत ऐकू नका. तिथे अर्धी रचना चाकांच्या आवाजाखाली जाते आणि उरलेली ऐकायला तुम्ही कानांना इजा करून घेता.

आवाज सरसकट कमी ठेवून ऐकलं तर काय बिघडतं, असं मी तुम्हाला तेव्हा विचारलं होतं. तुम्ही बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांचे १९३३ चे आलेख काढून दाखवलेत. आवाज जसा कमी होतो तसा माणसाच्या कानाला खर्ज फार लवकर ऐकू येईनासा होतो, त्या मानाने मधले स्वर टिकून राहतात. म्हणजे हळू लावलं की तामाकीचा बेस आणि मोठा ड्रम आधी जातात आणि गिटारींचं वरवरचं खरखरणं तेवढं उरतं. मग लोक म्हणतात, हा नुसता गोंगाट आहे. त्यांचं चुकत नाही, त्यांच्यापर्यंत पोचतं तेवढंच. ही गोष्ट तुम्ही मला समजावलीत तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींना आधी भेटून, दुपारी दोन ते तीन थोडा आवाज होईल म्हणून सांगून आला होतात. मोठा आवाज लावायचा तर तो शेजाऱ्याला विचारून लावायचा, हेही मी तुमच्याकडूनच उचललं.

पण सगळ्यात जास्त ऋणी आहे तो तुमच्या ख्यालाच्या तालमीचा. डोंबिवलीला इतकी वर्षं किराणा घराण्याची गायकी शिकलेल्या बाईंना हे वाद्यांचं वादळ कसं आवडतं, असा प्रश्न मला पडायचा. तुम्ही म्हणालात, बढत दोन्हीकडे आहे, फक्त ती कुठे होते ते बघ. विलंबित ख्यालात एकेका स्वराला थांबून, त्याला पूर्ण उजळवून गवई वर सरकतो, आणि पुढे लय वाढत द्रुतकडे जाते. आवाजाचा जोर मात्र त्या मानाने फारसा बदलत नाही. मोनोमध्ये नेमकं उलटं. लय बहुधा तीच राहते, चारच सुरांची वळणं पुन्हा पुन्हा येतात, आणि वाढतो तो आवाज आणि त्याचा दाटपणा. एका गिटारवर दुसरी, तिच्यावर झांजा, मग डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करणं. तुम्ही मला मांडीवर ठेका धरायला लावलात. दहा मिनिटांनी स्फोट झाला तेव्हा माझा हात सुरुवातीच्याच लयीत पडत होता. त्या दिवसापासून या संगीताकडे मी धीरानं बघू लागलो. 'काही होत का नाही' असं वाटायचं बंद झालं, कारण काय होतंय ते मोजायची जागा सापडली.

गिटारच्या तारेवर गोतो जो सतत थरथरता स्वर धरून ठेवतो, त्यालाही तुम्हीच संतूरशेजारी नेऊन बसवलंत. संतूरचा स्वर लगेच विझतो, म्हणून कलमांनी तो सारखा झंकारत ठेवावा लागतो. गिटारचा स्वरही विझतो, म्हणून हातातली तार छेडायची पट्टी (पिक) इतक्या वेगाने खालीवर चालते की वेगवेगळे आघात ऐकूच येत नाहीत, एक लांब धार ऐकू येते. त्यावर डिले आणि रिव्हर्बचे, म्हणजे स्वराचे पडसाद आणि घुमारा वाढवणारे, पेडल. मोठ्या भागातही तो हात तसाच चाललेला असतो. म्हणूनच त्या कल्लोळाच्या पोटात एक चाल स्पष्ट ऐकू येते. ती शोधून काढायची सवय तुम्ही लावलीत. आता मी मोठा भाग आला की आधी चाल धरतो, मग बाकीच्याला येऊ देतो.

टोकियोच्या शिबुयातल्या त्या तळघरातल्या लाइव्ह हाउसला, म्हणजे बँड वाजवतात त्या छोट्या सभागृहात, तुम्ही नेलंत, त्याबद्दल वेगळे आभार. तिकिटाच्या क्रमांकाप्रमाणे हाक येईपर्यंत जिन्यावर उभं राहायचं, बॅग नाण्याच्या लॉकरमध्ये टाकायची, दारात एका पेयाचे पैसे वेगळे द्यायचे, हे सगळं तुम्ही पुढे होऊन केलंत. आत शिरण्यापूर्वी माझ्या हातावर इयरप्लगची डबी ठेवलीत. स्पंजाचे नव्हेत, आत गाळणी असलेले. कारणही सांगितलंत. स्पंजाचे प्लग वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं उशीखालून ऐकल्यासारखं होतं. गाळणीवाले सगळेच स्वर साधारण सारख्या प्रमाणात उतरवतात. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ होता. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला फार तर ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं. मोनोचे मोठे भाग एका कार्यक्रमात मिळून त्याहून जास्त भरतात. "आवडतं म्हणून कान गमवायचे नसतात, आवडतं म्हणून राखायचे असतात," हे तुमचं वाक्य मी जशाच्या तसं ज्याला त्याला ऐकवतो.

आतली शांतता मी त्याआधी कुठल्याच मैफलीत अनुभवली नव्हती. दोन्ही गिटारवाले स्टुलावर बसलेले, तामाकी मध्ये उभी. हळू भागात कुणी ग्लास खाली ठेवला तरी कळत होतं. रचना संपल्यावर शेवटचा गुंजारव पूर्ण विरेपर्यंत एकही टाळी नाही. आपल्याकडे समेवर दाद जाते, 'क्या बात है' म्हटल्याशिवाय राहवत नाही, आणि मला ते प्राणप्रिय आहे. पण इथे दाद राखून ठेवणं हाच त्या वादनातला श्रोत्यांचा वाटा होता. लोक गप्प राहिले नसते तर हळू भाग तिथे अस्तित्वातच आला नसता.

ताई, मला त्या काळात या सगळ्याची गरज का होती ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मी तोंडाने कधी बोललो नाही. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये दिवसभर जपानी ऐकायचं, अर्धं समजायचं, उरलेल्या अर्ध्यात काय निसटलं याची धास्ती घेऊन घरी यायचं. आदरार्थी क्रियापदांची रूपं झोपेतही पाठ सोडत नसत. त्या तळघरात पहिल्यांदा मी इतक्या जपानी माणसांत उभा होतो आणि मला त्यांच्यापेक्षा कमी काही कळत नव्हतं. बाजूचा माणूस डोळे मिटून उभा होता, मीही तसाच. त्याला जे मिळत होतं ते मला पूर्ण मिळत होतं. या शहरात मी आहे आणि असायला हरकत नाही, असं मला तिथे वाटलं. ते तुम्ही ओळखून मला तिथे नेलंत की सहज नेलंत, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही परींनी उपकार तोच.

तुम्ही सांगितलेलं एक नाव मी नंतर बरंच धुंडाळलं, ते म्हणजे शिकागोचे स्टीव्ह अल्बिनी. २००४ च्या अल्बमपासून मोनोचे बरेचसे अल्बम त्यांनी ध्वनिमुद्रित केले. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गाने आजारी पडून कागदाचे क्रौंच पक्षी घडवत राहिलेल्या हिरोशिमाच्या सादाको सासाकी या मुलीवरची रचना त्या २००४ च्याच अल्बमच्या शेवटी आहे. बँडने एकत्र वाजवायचं, ते टेपवर उतरवायचं, आणि हळू-मोठा हा फरक दाबून टाकायचा नाही, ही अल्बिनींची रीत. स्वतःला ते निर्माता न म्हणवता ध्वनिमुद्रण अभियंता म्हणवत आणि रॉयल्टी घेत नसत. मे २०२४ मध्ये ते गेले आणि जूनमध्ये त्यांनीच मुद्रित केलेला मोनोचा 'ओथ' हा अल्बम बाहेर आला. तुमच्या हॉलमध्ये हळू भाग इतका हळू का राहिला होता, याचं बरंचसं उत्तर त्या माणसाच्या संयमात आहे. त्यांचेही आभार याच पत्रात मानून टाकतो.

एका बाबतीत आपलं अजून जुळत नाही. २०१४ मध्ये मोनोने दोन अल्बम एकाच वेळी काढले, एक उजळ, एक काळोखा. तुम्हाला ती कल्पना थोर वाटते. मला वाटतं, वेगळे केल्यावर दोघांचंही बळ घटलं. हळू भागाला पुढच्या वादळाची आणि वादळाला मागच्या हळू भागाची गरज असते. दोन तबकड्यांत ती नाती तुटतात. उलट 'वर्ल्ड्स एंड गर्लफ्रेंड' या नावाने संगीत करणाऱ्या जपानी संगीतकाराबरोबर त्यांनी केलेला जोडअल्बम तुम्ही बाजूला ठेवता आणि मी तो दर पावसाळ्यात ऐकतो. 'तो' (toe) या दुसऱ्या जपानी बँडची आवड मात्र दोघांची सारखीच. ताकाशी काशिकुरा ड्रमवर हळू आवाजातही जे बारकावे काढतो, ते ऐकताना तुम्ही एकदा 'अहाहा' म्हणून मोठ्यांदा दाद दिली होती. तेवढीच एक दाद मी तुमच्या तोंडून ऐकली.

डिसेंबरात येतोय. 'हिम'च्या दोन्ही तबकड्या तुम्ही जाताना माझ्याकडे ठेवल्या होत्या, त्या हातातल्या सामानातून आणतो, चेक-इनमध्ये टाकत नाही. तुमच्यासाठी गाळणीवाल्या इयरप्लगची नवी जोडी घेतली आहे, दादांसाठीही एक. ठाण्याच्या घरी खालच्या मजल्यावर कोण राहतं आणि दुपारची कुठली वेळ त्यांना चालेल, तेवढं विचारून ठेवा.

दादांना नमस्कार.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा शेजारी