वाद्यगाड्यांनाही ‘व्हिंटेज’ म्हणा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींवर आलेला लेख वाचला. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली असेल तरच ती जतन करण्याजोगी, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे आणि सरकारी नियमही तेच सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते व तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. बहुतेक गाड्यांना ही अट योग्यच आहे. मात्र मिरवणुकीसाठी अंगावर वाद्ये चढवून घेतलेल्या मोटारींचे सारे महत्त्व त्या फेरफारातच असते आणि नेमक्या त्याच या व्याख्येबाहेर राहतात.

अशा गाड्यांची आठवण निघाली की आपल्याकडे कलकत्त्याच्या ‘स्वान कार’चे नाव हमखास येते. रॉबर्ट मॅथ्यूसन या धनिकाने १९१० मध्ये इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथील ब्रुक कंपनीची ही हंसाच्या आकाराची मोटार कलकत्त्याच्या रस्त्यावर आणली. हंसाच्या डोळ्यांत विजेचे दिवे होते आणि गर्दी हटवण्यासाठी चोचीतून गरम पाण्याचा फवारा उडे. लोकांची अशी काही त्रेधा उडाली की अखेर पोलिसांना मनाई करावी लागली. पुढे ती नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज नेदरलँड्समधील हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे. तिच्याविषयी लिहिणारे चोचीवर आणि विष्ठेसारखा चुना टाकण्याच्या सोयीवर रमतात. मला तिच्यातील आठ सुरांचा ‘गॅब्रिएल हॉर्न’ अधिक मोलाचा वाटतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर सायलेन्सरकडे न सोडता झडपांवाटे नळ्यांत वळवायचा, प्रत्येक नळीची लांबी निराळी ठेवायची आणि मागे बसलेल्याने पट्ट्या दाबून सूर काढायचे, अशी ही रचना. बाजाच्या पेटीत भात्याचे जे काम, ते येथे इंजिन करते. हा हॉर्न क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरचा. गॅब्रिएल हे नाव आपल्याकडे चाकण-नाशिकच्या कारखान्यांमुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर परिचित आहे. त्या नावाचा उगम या वाजत्या नळ्यांत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

गंमत अशी की हंसाचा आकार मुळापासूनच दिलेला असल्याने आपल्या नियमाच्या कसोटीला ही चमत्कारिक मोटार उतरेल. त्याच काळातील साध्यासुध्या अमेरिकी वाद्यगाड्या मात्र उतरणार नाहीत. जोशुआ स्टॉडर्ड याने १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे ‘कॅलिओपी’ या वाफेवर वाजणाऱ्या शिट्ट्यांच्या वाद्याचे पेटंट घेतले. त्याला बॉयलर लागे, म्हणून सर्कशीच्या मिरवणुकीत त्याचा अवजड गाडा घोडे ओढत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आयोवातील मस्कटीन गावच्या नॉर्मन बेकरने वाफेऐवजी कमी दाबाच्या हवेवर चालणारे ‘कॅलिआफोन’ काढले आणि वाद्य एवढे हलके झाले की ते सरळ मोटारीवर वा ट्रकवर बसवता येऊ लागले. वादक नसला तर छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी लावली की काम भागे. (या बेकरने पुढे कर्करोगावरच्या भोंदू उपचारांच्या धंद्यापायी तुरुंगवास भोगला, ती कथा निराळी.) पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांच्या ‘फॉर्टी अँड एट’ या १९२० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेनेही मोटारी व ट्रक यांच्या चासींवर रेल्वे इंजिनाचे सोंग चढवून, घंटा-शिट्टी वाजवत संचलने केली.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण आपल्या गावोगावच्या बँडवाल्यांनी याहून वेगळे काय केले? जुनी जीप किंवा मॅटाडोर घ्यायची, तिच्यावर भोंगे, जनरेटर, कॅसिओ आणि गायकासाठी उभे राहण्याची जागा करायची, रंगीत दिव्यांची झालर लावायची आणि तिच्या मागेपुढे क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाल्यांनी चालायचे, ही वरातीची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हे मान्य. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, आणि रात्री उशिरापर्यंत कर्कश भोंगे वाजवणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. परंतु रस्त्यावर रोज धावू देणे निराळे आणि जुनी वस्तू म्हणून नोंदवून ठेवणे निराळे. ‘व्हिंटेज’ वाहनांना तसाही रोजच्या किंवा व्यावसायिक वापराचा परवाना नसतोच.

म्हणून केंद्रीय परिवहन मंत्रालयाने नियमात एवढीच भर घालावी, की वाहनातील फेरफारच पन्नास वर्षांहून जुना असेल आणि जुनी छायाचित्रे वा बॉडी बांधणाऱ्याची पावती यांवरून ते सिद्ध होत असेल, तर तो फेरफार हेच त्या वाहनाचे मूळ स्वरूप मानले जावे. तोवर निदान जुन्या बँड कंपन्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्यांची छायाचित्रे घेण्याचे आणि ज्या अजून वाजतात त्यांचे ध्वनिमुद्रण करण्याचे काम राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने हाती घ्यावे. भंगारवाला पत्रा घेऊन गेल्यावर असे पुरावे कोठून जमवणार?

आपला,
एक वाचक, पुणे