चुन्याच्या गिलाव्याचे पैसे घेऊन सिमेंट लावल्याबद्दल तक्रार

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

विषय : करारात ठरलेला चुन्याचा गिलावा न करता मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केल्यामुळे झालेले नुकसान, तो काढून काम करारानुसार पुन्हा करून मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या वाड्याच्या माजघराची पश्चिमेकडची भिंत जूनपासून ओली आहे. पाऊस थांबून महिना उलटला, दिवाळी झाली, तरी ती वाळलेली नाही. उंबऱ्यापासून सुरू झालेली ओल आता खिडकीच्या तळापर्यंत आली आहे. रंगाचे पोपडे रोज सकाळी झाडून काढते आणि दुपारपर्यंत पुन्हा खाली तेवढेच पडलेले असतात. ही भिंत तुमच्या कंपनीच्या माणसांनी वाड्याच्या दुरुस्तीत मार्चमध्ये पूर्ण करून दिली. त्याचे पैसे मी गुढीपाडव्याच्या आधी चुकते केले आहेत.

या घराची आधीची हकीकत सांगितल्याशिवाय माझी तक्रार समजणार नाही. वाडा माझ्या पणजसासऱ्यांनी बांधला. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, भिंतींत पुरलेले सागवानी खांब, वर कडीपाट आणि मंगळुरी कौले. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून पाणी किती आले याचा अंदाज यावा. आमच्या जोत्याच्या पाच पायऱ्यांपैकी चार बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये तर पाण्याने उंबरा गाठला. दोन्ही वेळा जोत्यातून ओल भिंतीत चढली, आणि दोन्ही वेळा होळीपर्यंत भिंती आपोआप खडखडीत वाळल्या. कुणी काही लावले नाही. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या, इतकेच.

असे होऊ शकले ते जुन्या चुन्यामुळे. मातीची भिंत जमिनीतले पाणी थोडेफार ओढणारच. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रे असतात, त्यातून ते पाणी वाफ होऊन निघून जाते. वरून सिमेंट आणि त्यावर वॉटरप्रूफ रंग चढवला की पाण्याची वाट बंद होते. मग ते वर चढत राहते, सोबत आणलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साठतात, भिंतीला लोणा धरतो, आतली माती मऊ होते आणि गिलावा सुटतो. हे मी तुम्हाला शिकवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तुमचे प्रतिनिधी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेत, बसून नेमके हेच आम्हाला समजावून सांगत होते. ते ऐकूनच आम्ही काम तुम्हाला दिले. तुमच्यापेक्षा कमी दराची दोन माणसे होती, पण ती सिमेंटच लावणार म्हणत होती.

करारातले कलम असे : आतल्या सर्व भिंतींना चुन्याचा गिलावा, कळीचा चुना जागेवर विझवून किमान १५ दिवस मुरवलेला, वीटचुरा आणि धुतलेली वाळू घालून, गूळ व हिरड्याच्या पाण्यात मळून, तीन थरांत. त्यासाठी ३,८५,००० रुपये. एकूण काम ९,४०,००० रुपयांचे. सिमेंटची १४ पोती फक्त न्हाणीघराच्या आणि मागच्या परड्यातल्या कोब्यासाठी, म्हणजे जमीन पक्की करण्यासाठी, धरलेली होती.

प्रत्यक्षात परड्यातली चुन्याची टाकी एकदाच भरली गेली. त्या चुन्यात सोप्याची एक भिंत झाली, आणि ती आजही कोरडी आहे, हेही नमूद करते. डिसेंबरात मी पोती उतरताना पाहिली आणि तुमच्या सुपरवायझरना विचारले. ते म्हणाले, "काकू, ती कोब्यासाठी आहेत, काळजी करू नका." मी विश्वास ठेवला. तुमच्याच अंतिम बिलात सिमेंटची ६२ पोती लिहिली आहेत. १४ ची ६२ कशी झाली, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. तुमच्या रोजच्या कामाच्या पत्रकात माजघराचे तिन्ही थर चार दिवसांत झाल्याची नोंद आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, दोन थरांमध्ये त्याला दिवस द्यावे लागतात. चार दिवसांत तीन थर चुन्याचे होतच नाहीत.

आम्ही काम चालू असताना याच घरात राहत होतो. कराराच्या वेळी तुम्ही स्वतः म्हणाला होतात की एका वेळी एकच खोली घेऊ, स्वयंपाकघर एक दिवसही बंद ठेवणार नाही. जानेवारीत एकाच वेळी माजघर, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची खोली उकरून ठेवली गेली आणि त्यानंतर नऊ दिवस कुणी फिरकले नाही. ८४ वर्षांच्या सासूबाई सोप्यात खाटेवर झोपत होत्या, धुळीसाठी खाटेभोवती मी जुनी लुगडी बांधली होती. स्वयंपाक परड्यात, चहाच्या कपावरही धुळीचा थर. हे सगळे आम्ही सोसले. कारण घर नीट होत होते, असे आम्हाला वाटत होते. ज्या घरात १९६१ साली त्या सून म्हणून आल्या, त्याच घरात त्यांना कोरड्या भिंतीला टेकून बसता यावे, एवढ्यासाठी हा खर्च होता. ऑगस्टमध्ये त्यांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "गार लागालीया गं भिंत, पावसात उभारल्यागत." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

छपराच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तुम्ही पाठवलेल्या दोघा सुतारांनी कौले एकेक उतरवून, वासे तपासून, कुजलेल्या रिपा बदलून छप्पर असे बसवले की या पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा. पण त्यामुळेच हेही स्पष्ट होते की भिंतीतले पाणी वरून आलेले नाही.

सप्टेंबरात मी ओळखीच्या एका जुन्या गवंड्यांना बोलावले. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली. जवळजवळ अर्ध्या भिंतीवर पोकळ, बदबद आवाज आला. सुटलेला एक तुकडा काढला तर आत राखाडी सिमेंट आणि त्यामागे हाताने चुरगळणारी माती. कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडात स्क्रू-ड्रायव्हर बोटभर आत गेला. दोन पूर पाहिलेले सागवान आहे ते.

आणखी एक गोष्ट. माजघरात देवघराशेजारी भिंतीत एक देवळी, म्हणजे दिवा ठेवायचा लहान कोनाडा, होती. त्यात रोज तिन्हीसांजेला पणती लागत असे, आतला चुना तेलाने आणि काजळीने काळा झाला होता. "भिंत सरळ दिसेल" म्हणून तुमच्या माणसांनी ती आम्हाला न विचारता बुजवली. मी त्या दिवशी बँकेत गेले होते. परत आले तेव्हा जागा सपाट होती. करारात कोनाडे, देवळ्या आणि खुंट्या जशाच्या तशा ठेवायच्या असे लिहिले आहे. सासूबाई आता पणती जमिनीवर ठेवतात.

मी १२ आणि २६ सप्टेंबरला तुमच्या कार्यालयात फोन केला. पहिल्यांदा सांगण्यात आले की जुनी घरे अशीच ओल धरतात. दुसऱ्यांदा वरून आणखी एक वॉटरप्रूफ हात मोफत मारून देऊ, दहा वर्षांची हमी देऊ, असा प्रस्ताव आला. तो मला मान्य नाही, कारण त्याने उरलीसुरली वाटही बंद होईल. वाडा पाडून आरसीसी करण्याचा जो सल्ला त्याच संभाषणात दिला गेला, तो ज्या कंपनीने जुनी घरे वाचवण्याचे काम म्हणून आमच्याकडून पैसे घेतले तिच्या तोंडी शोभत नाही.

माझी मागणी अशी आहे. माजघर, स्वयंपाकघर आणि जिन्याखालच्या खोलीतला सिमेंटचा गिलावा तुमच्या खर्चाने काढावा. तो छिन्नी-हातोड्याने काढायचा, ब्रेकर मशीन लावायचे नाही, मातीच्या भिंतीला तो हादरा सोसणार नाही. भिंती उघड्या ठेवून वाळू द्याव्यात आणि मग करारातल्या पद्धतीने चुना करावा. खांबाचे कुजलेले बूड कापून त्याच जाडीच्या सागवानाचा सांधा द्यावा. देवळी पूर्ववत उघडावी. जादा लावलेल्या ४८ पोत्यांचे पैसे परत करावेत. यात उशीर चालणार नाही. भिंत वाळायला आणि चुना धरायला आपल्याकडे आतापासून मेपर्यंतचेच दिवस आहेत. हे काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले नाही तर पुढचा पावसाळा या भिंतींवर पुन्हा येईल आणि त्या तो सोसतील याची मला खात्री नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि कामाचे वेळापत्रक द्यावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. करारपत्र, अंतिम बिल, रोजच्या कामाची पत्रके आणि जूनपासून दर पंधरवड्याला काढलेले भिंतीचे फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

या वेळी आम्ही खोल्या आधीच रिकाम्या करून ठेवू आणि सासूबाईंची खाट सोप्यातल्या कोरड्या भिंतीशी लावू. परड्यातली टाकी मी धुऊन ठेवली आहे. चुना कधी आणणार ते दोन दिवस आधी कळवा, म्हणजे पाणी भरून ठेवता येईल. आणि तो विझवताना मी तिथे उभी असेन.

आपली,
वाड्यात राहणारी ग्राहक