गाड्यांचे फोटो छापलेत, सीटच्या पट्ट्यावरची तारीखही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हौशी रेसर लोकांच्या गाड्यांवरचा लेख दोनदा वाचला. मी स्वतः या नादात पंधरा वर्षं आहे, तीन गाड्या आहेत, एक ट्रॅकवर पळते आणि दोन अजून उघड्या पडल्यात, इंजिन एकीकडे, गाडीचा रिकामा सांगाडा एकीकडे, त्यामुळे असं काही छापून आलं की आधी आनंदच होतो. पण त्यातला एक फोटो बघून राहवलं नाही. रोल केज टाकलेली गाडी भर ट्रॅफिकमधे, चालवणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नाही, हार्नेसचे, म्हणजे माणसाला सीटला आवळून धरणारे रेसिंगचे पट्टे सीटमागे लोंबतायत, आणि फोटोखाली ओळ काय, तर इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे.

अहो, केज म्हणजे नुसता देखावा नसतो. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून तो स्टीलचा पिंजरा, एफआयए या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात मेन हूपला, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीला, ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा नाहीतर ५० बाय २ चा, बिनजोडाचा पाइप लागतो. एवढा दणकट पाइप डोक्यापासून जेमतेम वीतभर लांब असतो. हेल्मेट घालून, सीटला आवळून बसलेल्या माणसाला तो वाचवतो, आणि तोच माणूस उघड्या डोक्याने साध्या बेल्टवर बसला तर छोट्याशा धडकेतही डोकं सरळ त्या पाइपवर जातं. पॅडिंग लावलं तरी ते हेल्मेट गृहीत धरूनच केलेलं असतं.

पट्ट्यांचं तर मी स्वतः शिकलोय. माझी पहिली रेस कार म्हणजे माझदाची जुनी एमएक्स-५, १९८९ ला आलेलं ते पहिलं मॉडेल, १.६ चं इंजिन आणि वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, शिकायला याहून चांगली गाडी मला तरी माहीत नाही. घेताना दोन तास इंजिनचं कॉम्प्रेशन तपासलं, खालून पत्रा ठोकून गंज बघितला, पट्ट्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. पहिल्याच इव्हेंटला स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला, एका ज्येष्ठ माणसाने खांद्याच्या पट्ट्यावरच्या लेबलवर अंगठा ठेवला, मुदत संपून तीन वर्षं झालेली. मी चिडलो, म्हटलं पट्टा तर नवाच दिसतोय. ते काही बोलले नाहीत, सीटच्या भोकातून पट्टा बाहेर ओढला आणि दोन तुकडे शेजारी धरले. आत लपलेला भाग गडद लाल, काचेतून ऊन पडायचं तो भाग फिका नारिंगी, आणि जिथे भोकाच्या कडेला घासायचा तिथे काठाचे धागे उसवून केस आल्यासारखे झालेले. त्या दिवशी गाडी परत ट्रेलरवर चढवली. पॉलिस्टरचा धागा उन्हाने आतून कमजोर होतो, वरून कळत नाही, म्हणून तर एफआयएच्या ८८५३/९८ स्टँडर्डच्या पट्ट्यांना ५ वर्षं मुदत असते आणि नव्या ८८५३-२०१६ वाल्यांना १० वर्षं, तारीख लेबलवरच असते. आणि एकदा मोठी धडक बसली की मुदत उरली असली तरी पट्टा बदलायचाच.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ या प्रकारचं ऑइल नवं असताना २३० डिग्रीच्या वर उकळतं, पण ओल शिरली की ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि सवडीने जोडत असलेली प्रोजेक्ट कार दोन-दोन वर्षं जागेवर उभी असते. ट्रॅकच्या सरळ भागाच्या शेवटी माझं ब्रेकचं पेडल एकदा तळाला गेलंय, ऑइल उकळून लाइनमधे वाफ झाली होती, दोनदा पंप केलं तेव्हा कुठे ब्रेक लागला.

लेखात उभ्या गाड्यांना ‘भंगार’ म्हटलंय ते मात्र टोचलं. माझ्या जुन्या मिनीचं इंजिन दीड वर्ष बाहेर आहे. ही १९५९ ची रचना, आडवं इंजिन, खाली गिअरबॉक्स आणि दोघांना एकच ऑइल, म्हणजे गिअरचा दात झिजला तर त्याचा चुरा थेट बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. ऑइल काढलं तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर तो चुरा चमकत होता, तेव्हापासून एकेक भाग धुऊन, मोजून परत बसवतोय. याच छोट्या गाडीने १९६४, ६५ आणि ६७ ला मोन्टे कार्लो रॅली जिंकलीय. ती घाईत जोडून पळवण्यापेक्षा उभी असलेली बरी, आणि असं उभं ठेवायला धीर लागतो, त्याला भंगार म्हणू नका.

पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा हॉर्सपॉवर जरूर लिहा, पण मालकाला पट्ट्यांची तारीख आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं तेवढंही विचारा आणि तेही छापा. आणि फोटोतल्या त्या मुलाला माझा निरोप द्या, केज आहे तोवर गाडी ट्रॅकवर ट्रेलरनेच ने, आणि तुला चालणार असेल तर मी एक दिवस येतो, केजचे सगळे वेल्ड आपण दोघं मिळून तपासू.

आपला,
एक जुना वाचक